टेबलावरची लाल परी

वय झालेल्या माणसाच्या पायांची चौकशी सारेच करतात. ‘सकाळी फिरायला जाता ना?’, ‘गुडघे काय म्हणतात?’ हे प्रश्न आपल्याकडे नमस्कारासारखे विचारले जातात. हातांची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. ज्या हातांनी तीस-पस्तीस वर्षे स्टिअरिंग धरले, खडू धरला, नांगर धरला, लाटणे धरले, ते हात उतारवयात नुसते मांडीवर पडून राहतात आणि घरातील कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. आजचा लेख या रिकाम्या हातांविषयी आणि त्यांना काम देणाऱ्या एका छंदाविषयी आहे. तो छंद म्हणजे वाहनांच्या प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती घडवणे.

हा विषय मला ग्रंथातून सुचलेला नाही, घरातून सुचला. माझे सासरे एसटीत चालक होते. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. नगर–पुणे मार्गावर त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा, विकार जडला. प्रथम चहाचा कप थरथरू लागला, तेव्हा मी कप धरू लागले. पुढे सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागू लागला, तेव्हा बटणे मी लावू लागले. मटार सोलताना दाणे सांडतात म्हणून ताट उचलून घेतले. बँकेत सही जुळेना म्हणून एक अर्ज परत आला. त्यानंतर सहीचे कागदही त्यांच्यापुढे ठेवण्याचे आम्ही टाळू लागलो. हे सारे मायेपोटी घडले. परंतु वर्षभरात मी त्यांच्या हातातील एकेक काम काढून घेतले होते आणि नाना बोलेनासे झाले होते.

एके दिवशी नातू शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठ्याची बस करीत बसला होता. खुर्चीतून आवाज आला, “मागचा एक्सल फार मागे गेलाय तुझा. एसटीचं मागचं चाक तिथे नसतं. चाकामागेही गाडीचं बरंच अंग असतं, मग शिडी येते.” कित्येक दिवसांत नानांनी उच्चारलेली ती पहिली सलग वाक्ये होती. नातवाने पुठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. मी सवयीने पुढे झाले. “राहू दे सूनबाई,” नाना म्हणाले, “होईल सावकाश.” मी थांबले. त्या थांबण्यातून मला जे शिकता आले, तेच आज आपल्यापुढे ठेवते आहे.

मोठे वाहन, लहान रूप

प्रतिकृती म्हणजे नुसते खेळणे नव्हे. खेळण्यात चाक मोठे आणि खिडकी लहान झाली तरी चालते. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत प्रत्येक भाग एकाच मापाने लहान करावा लागतो. एकास चोवीस हे प्रमाण घेतले, तर मूळ वाहनाची २४ सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होते. म्हणजे १० मीटर लांबीची बस सुमारे ४२ सेंटिमीटरची, १ मीटर व्यासाचे चाक ४ सेंटिमीटरहून किंचित मोठे आणि साडेपाच फूट उंचीचा चालक अवघा ७ सेंटिमीटरचा. हा हिशेब करताना गणित येते, आठवण येते आणि नजरही कामाला लागते. पहिल्या दिवशी नुसती मापे काढण्यातच तास निघून जातो.

अमेरिकेत या छंदाची एक मोठी शाखा ‘स्टॉक कार’ या शर्यतीच्या मोटारींभोवती वाढली. कारखान्यातून साध्या प्रवाशांसाठी बाहेर पडणाऱ्या मोटारींच्या शर्यती, असे तिचे मूळ रूप. या शर्यती भरवणारी नॅसकार ही संस्था फेब्रुवारी १९४८ मध्ये स्थापन झाली. तारुण्यात पाहिलेल्या शर्यतीतील आवडत्या चालकाची मोटार, तिच्या क्रमांकासह, रंगासह आणि अंगावरील जाहिरातींसह, एकास चोवीस किंवा एकास पंचवीस प्रमाणात घडवणारी मंडळी तेथे पुष्कळ आहेत. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच त्यासाठी मिळतात.

योगायोग असा, की त्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, आपल्याकडे पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. लाकडी बांधणीची, काथ्याच्या आसनांची, निळ्या आणि चंदेरी रंगाची ती बेडफर्ड बस. नगरकरांच्या दृष्टीने ‘आवडत्या गाडीची प्रतिकृती’ म्हणजे काय, याचे उत्तर म्हणून फार दूर जायला नको. ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या आयुष्यातली असावी. कोणाची एसटी, कोणाची जीप, कोणाचा साखर कारखान्याकडे ऊस नेणारा ट्रॅक्टर, तर कोणाची वडिलांची बैलगाडी.

आणि हा छंद परका मानण्याचेही कारण नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे प्रत्येक घर प्रतिकृतीच घडवीत असते. पुण्यात कोथरूड परिसरात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून उभे आहे. नातवंडांना घेऊन एकदा अवश्य जावे, अशी ती जागा आहे.

नगरकरांना लाभलेली शाळा

आपले अहिल्यानगर, जुन्या तोंडवळणी नगर, या छंदासाठी मोठे भाग्याचे आहे. सैन्याच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली उभारलेले रणगाडा संग्रहालय येथेच आहे. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे, १९६५ च्या युद्धाची आठवण सांगणारा पॅटन आणि आवडी येथे बांधलेला आपला विजयंत असे कितीतरी प्रकार तेथे मोकळ्या जागेत मांडलेले आहेत. रणगाड्यांच्या प्रतिकृती जगभर बहुधा एकास पस्तीस या प्रमाणात करतात. मूळ वस्तू डोळ्यांनी पाहिलेली असली, की हातातील लहान भागाला अर्थ येतो. याच शहरात सैन्याच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था आहे. तेथून आणि सैन्यातून निवृत्त झालेल्यांची कितीतरी घरे नगरमध्ये आहेत. त्या हातांना नट-बोल्टची भाषा नव्याने शिकवावी लागत नाही.

संग्रहालयात जाताना सकाळची वेळ निवडावी, डोक्यावर टोपी आणि सोबत पाणी असावे. चालणे जड जात असेल तर दोन टप्प्यांत पाहावे, एका दिवसात सारे पाहण्याचा अट्टहास नको. छायाचित्रांविषयी तेथील नियम विचारून घ्यावेत.

आम्ही मात्र गेलो ते माळीवाडा बसस्थानकावर. नाना बाकावर बसले आणि नातू गाडीच्या चारही बाजूंची छायाचित्रे काढीत फिरला. पूर्वी चालकाच्या मागे काय असे, टपावर सामान कसे चढवीत, एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन घंटा म्हणजे निघा, हे नाना त्याला सांगत होते. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन स्वतःहून जेवण मागितले.

बस कशी उभी राहिली

साहित्य फारसे लागत नाही. जाड पुठ्ठा, फेविकॉल, धातूची पट्टी, गुण्या, बारीक पॉलिश पेपर, आईसक्रीमच्या काड्या, चाकांसाठी एकसारखी झाकणे आणि पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग एवढ्यावर पहिली गाडी उभी राहते. बाजारातील महागडा संच प्रथमच आणू नये. तो बहुधा अर्धवट राहतो आणि अर्धवट राहिलेली वस्तू वृद्ध माणसाला अपयशाची आठवण देत कपाटात पडून राहते.

कामाची वाटणी आम्ही अशी केली. मापे सांगणे आणि खुणा करणे हे नानांचे काम. कापणे नातवाचे, तेही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. जोडणी दोघांची. जोड सुकेपर्यंत धरून ठेवण्यासाठी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. धरून ठेवणे हे काम चिमट्याला दिले, की थरथरणाऱ्या बोटांवरचा ताण नाहीसा होतो. सांध्यांतील फटी लांबी भरून बुजवल्या. लांबी पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासले, तोंडाला मास्क बांधून. प्लॅस्टिकचा भाग असेल तर तो ओला करून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. पुठ्ठ्याला ते चालत नाही, म्हणून तेथे मास्क आणि नंतर किंचित दमट फडके.

या छंदाचा खरा कस रंगकामात लागतो. आधी अस्तराचा एक हात द्यावा. अस्तर लावले की राहिलेले खड्डे आणि ओरखडे आपोआप दिसू लागतात. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि खिडकीच्या कडा बुजतात. अर्धवट वाळलेल्या हातावर दुसरा हात दिला, तर रंग सुरकुततो. घाई झालेली गाडी दुरूनही ओळखू येते. नानांच्या आजाराने त्यांच्या हालचाली संथ झाल्या होत्या. घरातील इतर सर्व कामांत तो संथपणा अडचण ठरत असे, रंगकामात मात्र नेमका त्याचाच उपयोग झाला.

शेवटी राहिली मार्गाची पाटी. कंपवातात अक्षर हळूहळू बारीक होत जाते. ज्या बारीक अक्षरामुळे बँकेतला अर्ज परत आला होता, त्याच अक्षरात नानांनी बोटभर पाटीवर ‘अहमदनगर–पुणे’ असे लिहिले. ते प्रमाणात अगदी बरोबर बसले. नाना त्या दिवशी हसले.

रोज सुमारे चाळीस मिनिटे, याप्रमाणे एक बस पूर्ण व्हायला आठ महिने लागले.

हात थरथरतो, तरी काम होते ते कसे?

माझ्या अज्ञानाचे मूळ येथे होते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगते. हाताचा कंप एकाच जातीचा नसतो. कंपवातातील कंप बहुधा हात विश्रांतीत असताना अधिक दिसतो. हाताने हेतुपूर्वक काही धरले, की तो पुष्कळदा कमी होतो. उलट, वयपरत्वे किंवा आनुवंशिकतेने येणारा दुसरा एक कंप असतो, तो काम करताना वाढतो. पहिल्या प्रकारात खरी अडचण असते ती हालचालींच्या मंदपणाची आणि स्नायूंच्या ताठरपणाची. म्हणजे अशा माणसाला मदतीपेक्षा वेळेची गरज अधिक असते. मी मांडीवर थरथरणारा हात पाहिला आणि हा हात काही धरू शकणार नाही असे ठरवून टाकले. पट्टी धरलेला तोच हात मी पाहिलाच नव्हता.

काम करताना वाढणाऱ्या कंपातही उपाय आहेत. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवावे. ब्रशच्या दांडीला फोम किंवा कापड गुंडाळून ती जाड करावी. वस्तू हातात न धरता टेबलावर चिकटपट्टीने स्थिर करावी. संधिवात असेल तर कामापूर्वी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडमीट करावीत. पक्षाघाताने एक हात दुबळा झाला असेल, तर वस्तूखाली ओले फडके ठेवावे म्हणजे ती सरकत नाही, आणि दुबळ्या हाताला निदान दाबून धरण्याचे काम द्यावे.

अशा कामांचा मेंदूला उपयोग होतो का, हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षे व त्यापुढील वयाच्या २५६ व्यक्तींचा सरासरी चार वर्षे मागोवा घेतला. ते निष्कर्ष २०१५ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मध्यमवयात आणि उतारवयातही सुतारकाम, मातीकाम, शिवणकाम यांसारखी हस्तकला करणाऱ्यांमध्ये स्मरण व विचारशक्तीची सौम्य घट होण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळले. मित्रमंडळीत मिसळणाऱ्यांमध्येही असाच कल दिसला. परंतु याचा अर्थ छंदामुळेच ती घट टळली, असा काढता येत नाही. ज्यांची बुद्धी आधीपासून तल्लख, तेच छंद टिकवून धरतात, असेही असू शकते. म्हणून छंद हे औषध समजू नये. औषधे, व्यायाम आणि डॉक्टरांची भेट यांच्या जागी तो नाही, त्यांच्या सोबतीला आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक

अक्षम्य म्हणावी अशी एक चूक येथे कबूल केली पाहिजे, कारण ती कोणाच्याही घरी होऊ शकते. दुसऱ्या गाडीच्या वेळी नानांना ऑइल पेंटची चकाकी हवी होती. श्रावणातली झड लागली होती, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या आणि थिनरची बाटली टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेले. अर्ध्या तासाने परतले, तो खोलीत वासाने डोळे चुरचुरत होते. नाना फिकट पडले होते. उठण्याच्या प्रयत्नात त्यांचा तोल जात होता. बाटलीचे झाकण उघडे होते आणि त्याच खोलीत, चार हातांवर, देवघरात निरांजन तेवत होते.

मी निरांजन विझवले, त्यांना बाहेरच्या खोलीत मोकळ्या हवेत बसवले, दारे-खिडक्या उघडल्या आणि डॉक्टरांना दाखवले. सुदैवाने पुढे काही झाले नाही. “नाना, तुम्हांला वास नाही का आला?” मी विचारले. “कसला वास?” ते म्हणाले. डॉक्टरांनी नंतर समजावले, की कंपवाताच्या अनेक रुग्णांची गंधसंवेदना क्षीण होते, पुष्कळदा ती कंप दिसू लागण्यापूर्वीच कमी झालेली असते. म्हणजे धोक्याची घंटा ज्या नाकाने वाजवायची, ते नाकच मुके झाले होते आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती. थिनरची वाफ ज्योतीजवळ पोहोचली असती तर काय झाले असते, हा विचार आजही मला रात्री जागवतो.

त्या दिवसापासून आमच्या घरी थिनर, टर्पेंटाईन आणि स्प्रेचे डबे पूर्ण बंद आहेत. चकाकी हवी असेल तर पाण्यात मिसळणारे वॉर्निश मिळते. तेही खिडकी उघडी ठेवूनच लावावे.

छंद सुरक्षित राहावा म्हणून

प्रकाश आणि नजर: उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूने दिवा असावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. जवळचे पाहण्याचा चष्मा तपासून घ्यावा आणि स्टँडवर बसवलेले भिंग ठेवावे. टेबलावर गडद कापड अंथरले तर फिकट रंगाचे भाग हरवत नाहीत. कडा उंच असलेल्या ताटात काम केले, तर लहान भाग खाली पडत नाहीत. पडलेला भाग शोधायला वृद्धांनी वाकू नये. वाकताना तोल जाण्याचा धोका असतो, हे काम घरातील लहानांचे.

बैठक: पाय जमिनीला टेकतील आणि कोपर टेबलाच्या उंचीला येतील अशी हात असलेली खुर्ची असावी. दर अर्ध्या तासाने गजर लावून उठावे, खोलीत चार फेऱ्या माराव्यात, मान आणि खांदे सैल करावेत, पाणी प्यावे. उठताना आधी क्षणभर काठावर बसून मग उभे राहावे.

धार: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कटर दुसऱ्याच्या हाती असावा. कापलेच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. मध्ये उघडून पाहू नये. तरीही रक्त न थांबल्यास लगेच दवाखाना गाठावा. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील, तर जखम जाणवत नाही. म्हणून काम संपल्यावर हात धुऊन बोटे नीट पाहावीत.

चिकटवणे: फेविक्विकसारख्या झटपट गोंदाऐवजी फेविकॉल बरा. झटपट गोंदाने बोटे चिकटलीच तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावीत आणि हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

श्वास आणि आग: दमा किंवा फुफ्फुसांचा जुना विकार असेल, तर घासणे आणि रंगवणे यापैकी ज्याने त्रास होतो ते दुसऱ्यावर सोपवावे. घरी ऑक्सिजन लावलेला असेल, तर त्या खोलीत ज्वलनशील रंग, थिनर आणि ज्योत यांना प्रवेशच नसावा.

लहान मुले: गाडीला दिवे लावण्यासाठी बटणाच्या आकाराचे सेल वापरतात. ते लहान मुलाने गिळले तर अन्ननलिकेला थोड्याच वेळात गंभीर इजा होते. तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. ज्या घरी रांगते बाळ आहे, तेथे असे सेल आणूच नयेत.

काळजी घेणाऱ्यांसाठी चार शब्द

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द फार आवडतात, कारण त्यांत दोघांचीही प्रतिष्ठा राहते. शुभंकरांना माझे सांगणे असे.

वेळ निवडा. कंपवाताच्या औषधाचा परिणाम दिवसभर सारखा नसतो. गोळी लागू पडल्यानंतरच्या ज्या तासात हात मोकळे चालतात, तो तास छंदासाठी राखून ठेवा. दोन-तीन आठवडे वहीत नोंद केलीत, तर तो तास आपोआप सापडतो.

अतिरेकाकडे लक्ष ठेवा. या आजाराच्या काही औषधांमुळे क्वचित एखादा माणूस तीच ती वस्तू तासन् तास उघडजोड करीत राहतो, रात्री झोपत नाही, जेवायला उठत नाही, किंवा अनावर खरेदी करू लागतो. तो हट्ट किंवा उत्साह समजू नका. डॉक्टरांना सांगा. औषध मात्र मनाने बंद करू नका.

स्मृतिभ्रंश असेल तर गाडी पूर्ण होण्याचा आग्रह सोडा. रंगांप्रमाणे झाकणे वेगळी करणे, पॉलिश पेपरने लाकूड घासणे, मोठ्या ब्रशने अस्तर लावणे, एवढेही पुरेसे आहे. लहान भाग तोंडात जाण्याचा संभव असेल तर ते दूर ठेवा. चुकले तर दुरुस्त करू नका. ‘पूर्वी असे होते का हो?’ एवढेच विचारा आणि ऐका.

आणि सर्वांत कठीण गोष्ट ही, की हात पुढे करण्यापूर्वी थांबा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. दहापर्यंत मोजून होण्याआधीच बहुतेक वेळा काम झालेले असते. नाही झाले, तर ‘करू का?’ असे विचारा. न विचारता केलेली मदत हिसकावून घेण्यासारखी असते, हे मला फार उशिरा कळले.

आज

वाचकहो, या लेखाचा शेवट ‘आणि नाना बरे झाले’ असा मला करता येणार नाही. कंपवात थांबलेला नाही. पहिली बस झाली त्याला आता तीन वर्षे होत आली. नानांना आता पट्टी धरून रेघ मारता येत नाही, आवाजही बारीक झाला आहे. पण छंद बंद पडलेला नाही, फक्त वाटणी बदलली आहे. पूर्वी खुणा ते करीत, आता नातू करतो आणि त्या बरोबर आहेत का हे नाना सांगतात. ब्रश जाड झाला आहे. चाळीस मिनिटांची वीस मिनिटे झाली आहेत. सध्या १९४८ ची ती निळी-चंदेरी गाडी टेबलावर आहे. तिच्या आसनांसाठी काथ्या कोठून आणायचा यावर दोघांचा गेला आठवडाभर खल चालू आहे.

आपल्या घरीही असे एखादे टेबल मांडता येईल. पहिल्या आठवड्यात काहीही विकत आणू नका. जुने छायाचित्र शोधा, ‘तुमची पहिली गाडी कोणती?’ हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर उतरवून घ्या. दुसऱ्या आठवड्यात त्या गाडीची मापे काढा. पुठ्ठा तिसऱ्या आठवड्यात. घाई कोणालाच नाही.

पहिल्या लाल बसवर एक काम राहून गेले होते, ते मागच्या रविवारी झाले. नातवाने विचारले, “आजोबा, मागच्या दारावर ते लिहायचं राहिलं ना?” नानांनी मान हलवली. नातवाने त्यांच्या हातात ब्रश दिला आणि त्यांचे मनगट खालून नुसते आधाराला धरले. मी दारात उभी होते, पुढे गेले नाही. पाऊण तास लागला. अक्षरे वाकडी आली आहेत, पण वाचता येतात: ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’.